मोडीतून मोटार

मोटारगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक अखंड वस्तू उभी राहते : चकचकीत पत्रा, चार चाके, आत बसण्याची जागा आणि झाकणाखाली दडलेले एंजिन. गाडी जुनी झाली, तिचा रंग उडाला, दारे खिळखिळी झाली, की ती मोडीत निघाली असे आपण म्हणतो आणि तिच्याकडे पाठ फिरवितो. परंतु जाणत्या कारागिराची दृष्टी निराळी असते. त्याच्या लेखी मोटार ही शेकडो वस्तूंची जुळणी असते. जुळणी उसवली तरी सगळ्याच वस्तू निकामी होत नाहीत. पत्रा गंजला असला तरी चाकांचा आस सरळ असू शकतो. गाद्या फाटल्या असल्या तरी दंतचक्रांचे दात शाबूत असू शकतात. काय गेले आणि काय उरले याचा निवाडा ज्याला अचूक करता येतो, त्याला मोडीच्या ढिगातही नवी गाडी दिसू लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये अशी दृष्टी लाभलेले अनेक तरुण पुढे आले. जुन्या मोटारींचे भाग जमवून, पुस्तकांतील व मासिकांतील आराखड्यांचा आधार घेऊन, त्यांनी आपल्या घरामागच्या छपरांत छोट्या व चपळ स्पोर्ट्स मोटारी तयार केल्या. अशा घरगुती मोटारीला तेथे 'स्पेशल' असे नाव पडले. या स्पेशल गाड्यांपैकी कित्येक ओबडधोबड होत्या, काही तर बनविणाऱ्यालाही नीट चालविता आल्या नाहीत. तथापि त्यांच्याच पोटी पुढे जगातील अत्यंत वेगवान मोटारी जन्माला आल्या.

हा उद्योग सुरू होण्याला कारणही तसेच होते. १९४५ साली युद्ध संपले. इंग्लंडचा जय झाला खरा, परंतु देश कर्जाने वाकला होता. परदेशी चलन मिळावे म्हणून नव्या मोटारी शक्य तितक्या परदेशी विकाव्यात, असा सरकारचा आग्रह होता. निर्यात करणाऱ्या कारखान्यालाच पोलाद पुरेसे मिळे. त्यामुळे देशातील गिऱ्हाइकाला नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागे, आणि गाडी मिळालीच तर तिच्यावर जबर खरेदीकर भरावा लागे. पेट्रोलही कुपनावर मिळे. ते बंधन १९५० च्या मे महिन्यात उठले. दुसरीकडे, सैन्यातून घरी परतलेल्या तरुणांपैकी अनेकांनी युद्धकाळात लष्करी गाड्यांची व विमानांची दुरुस्ती केली होती. त्यांचे हात शिकलेले होते, पण खिसे रिकामे होते. नवी गाडी विकत घेणे अशक्य असले, तरी जुनी गाडी खोलून तिच्यातून हवी तशी गाडी घडविणे मात्र त्यांच्या आवाक्यात होते.

या कामासाठी सर्वांची आवडती जुनी गाडी होती ऑस्टिन सेव्हन. हिचा जन्म १९२२ सालचा. कारखानदार हर्बर्ट ऑस्टिन यांना सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लहान मोटार बनवावयाची होती. त्यांचा कारखाना त्या वेळी पैशाच्या अडचणीत असल्यामुळे त्यांच्या सहकाऱ्यांना ही कल्पना रुचली नाही. तेव्हा ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाला आपल्या घरी बोलाविले आणि बिलियर्ड खेळण्याच्या खोलीत त्याच्याकडून गाडीचे आराखडे काढून घेतले. त्यातून तयार झालेली ही मोटार इतकी लोकप्रिय झाली, की १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बाहेर पडल्या. बी. एम्. डब्ल्यू. या आज प्रसिद्ध असलेल्या जर्मन कंपनीने मोटारींच्या व्यवसायात पहिले पाऊल टाकले, तेही परवान्याने बनविलेल्या याच गाडीच्या साहाय्याने. साहजिकच युद्धानंतर इंग्लंडमधील गल्लोगल्ली जुन्या ऑस्टिन सेव्हन धूळ खात पडलेल्या दिसत, आणि त्या थोड्या पैशांत मिळत.

तिची रचनाही या कामाला सोयीची होती. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याचे शरीर हाच गाडीचा आधार असतो; ते काढले तर गाडी उरतच नाही. ऑस्टिन सेव्हनचे तसे नव्हते. तिच्या तळाशी पोलादाचा एक स्वतंत्र सांगाडा असे. एंजिन, गिअरपेटी, चाके, सुकाणू हे सर्व त्या सांगाड्याला जोडलेले असे, आणि बसण्याचा डबा वरून बसविलेला असे. बैलगाडीची साटी उचलून ठेवली तरी खाली धुरा, चाके आणि जू राहतातच. तसाच हा प्रकार. डब्याचे बोल्ट सोडवून तो उचलून बाजूला ठेवला की सांगाडा उघडा पडे, आणि तो एंजिनाच्या बळावर चालूही शके. मग त्याच्यावर आपल्या मनाजोगते नवे शरीर चढविता येई.

मात्र खरे काम यापूर्वीच सुरू होत असे, आणि ते खोलण्याचे असे. गाडी खोलणे म्हणजे ती मोडणे नव्हे. प्रत्येक भाग कोठून काढला, कोणत्या बाजूला होता, त्याचे बोल्ट कोणते, याची नोंद ठेवावी लागे. सुट्या बोल्टांसाठी जुने डबे आणि त्यांवर चिठ्ठ्या, ही चांगल्या कारागिराच्या छपराची पहिली खूण होय. त्यानंतर प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, त्याचा वर्षानुवर्षांचा मळ काढून, त्याची परीक्षा घेतली जाई.

या परीक्षेच्या रीती साध्या परंतु मार्मिक असत. ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्याचा आकार साधारणपणे इंग्रजी 'ए' या अक्षरासारखा होता. दोन बाजूंच्या पट्ट्या पुढे एकमेकींकडे येत आणि मागे फाकत. एखाद्या अपघातात तो वाकला असेल, तर डोळ्यांना ते कळेलच असे नाही. म्हणून पुढच्या टोकाच्या मध्यबिंदूपासून मागील दोन्ही टोकांपर्यंत दोरी ताणून अंतरे मोजीत. दोन्ही अंतरे सारखी भरली तर सांगाडा सरळ. त्यांत फरक पडला तर तो वाकलेला. समद्विभुज त्रिकोणाचा धडा येथे असा उपयोगी पडे.

लोखंडातील बारीक चीर ओळखण्याचीही अशीच एक युक्ती होती. भागाला रॉकेल चोळावयाचे, काही वेळाने ते स्वच्छ पुसून घ्यावयाचे आणि वर खडूची पूड लावावयाची. चीर असल्यास तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते, आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. काही भाग हातोडीने हलकेच वाजवूनही पाहत. मडके विकत घेताना आपण ते वाजवून घेतो त्यातलाच हा प्रकार. निर्दोष धातू खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द आवाज करतो. ज्या भागावर जीव अवलंबून आहे त्याच्याविषयी शंका आली, तर तो कितीही चांगला दिसत असला तरी टाकून द्यावयाचा, हा नियम अनुभवी लोक कसोशीने पाळीत.

यानंतर आराखड्याची पाळी येई. मासिकांतून आणि छोट्या पुस्तकांतून अशा गाड्यांच्या आकृत्या छापून येत. आकृती कागदावर लहान असते. तिच्यातील एक इंच प्रत्यक्षात कित्येक इंचांचा असतो. ती वाचून अनेक जण छपराच्या जमिनीवर खडूने गाडीची पूर्ण मापाची आकृती काढीत. चालकाचे पाय कोठे येतील, सुकाणूचक्र त्याच्या गुडघ्याला लागेल काय, एंजिनावर झाकण बसेल काय, हे प्रश्न खडूच्या रेघांत सुटत, आणि चुकलेली रेघ पुसायला पैसे पडत नसत. पत्रा कापण्यापूर्वी त्याच आकाराचा पुठ्ठा कापून तो जागेवर लावून पाहत. आजही जुन्या आराखड्यावरून गाडी बनविणाऱ्याला हीच वाट चोखाळावी लागते. त्यातच आराखडा ज्या गाडीवरून काढला असेल ती आणि आपल्या हाती आलेली गाडी यांत थोडाफार फरक हमखास असतो. छापलेले माप आणि समोरचा भाग यांचा मेळ बसेना, तर आधी समोरचा भाग पुन्हा मोजावा लागतो.

गाडी वेगवान कशी करावयाची, हा पुढचा प्रश्न. पहिला विचार मनात येतो तो अधिक शक्तीच्या एंजिनाचा. परंतु मोठे एंजिन महाग, आणि ऑस्टिन सेव्हनचे एंजिन तर फारच छोटे, केवळ ७४७ घनसेंटिमीटरचे. बहुतेक वर्षांच्या गाड्यांत त्याचा मुख्य फिरता दांडा दोनच ठिकाणी तोललेला होता. एंजिन फार वेगाने फिरविले की तो दांडा मध्ये लवे. म्हणजे त्या एंजिनावर जोर तरी किती करावा, यालाही सीमा होती. तेव्हा शक्ती वाढविता येत नसेल तर वजन कमी करावे, हा दुसरा मार्ग उरला.

त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, एका एंजिनाची शक्ती १५ अश्वशक्ती आहे, आणि चालकासह गाडीचे वजन ४५० किलोग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीला ३० किलोग्रॅम ओढावे लागतात. आता गाडीचे वजन ९० किलोग्रॅमने घटविले, तर तो बोजा २४ किलोग्रॅमवर येतो. तितकाच भार कायम ठेवून शक्तीच वाढवावयाची म्हटली, तर एंजिन जवळजवळ १९ अश्वशक्तीचे लागेल. शिवाय अधिक शक्तीमुळे गाडी फक्त जोराने धावेल. हलकेपणामुळे ती लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर सहज वळते. जड डबा, काचेच्या खिडक्या, दारे आणि छप्पर काढून टाकण्यात हे मर्म होते.

वजनाइतकीच त्याची उंचीही महत्त्वाची असते. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी रस्त्याच्या एका बाजूला कलली की पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. तेवढेच वजन धोंड्यांच्या रूपाने तळाशी भरले असते तर ती डगमगली नसती. भार जितका खाली, तितकी गाडी वळणावर स्थिर. म्हणून स्पेशल बनविणारे बैठक अगदी खाली नेत, एंजिनाचे झाकण उतरते करीत. या गाड्या जमिनीसरशा दिसत, त्यामागे डौलाहून हे कारण मोठे होते.

नवे शरीर बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे असे. हा धातू हलका असतो, गंजत नाही आणि हातोडीने घडविता येतो. मात्र ठोकता ठोकता तो कठीण होत जातो आणि अखेर फाटतो. तो पुन्हा मऊ करण्यासाठी तापवावा लागतो. अधिक तापला तर वितळतो, आणि वितळण्यापूर्वी लोखंडासारखा लालही होत नाही. मग पुरेसा तापला हे ओळखावे कसे? यावर कारागिरांनी सुरेख तोड काढली होती. पत्र्यावर साबण चोळून ज्योत फिरवावयाची; साबण काळा पडला की थांबावयाचे. तेवढी उष्णता पुरेशी होते. मग वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने त्याला गोलाई देत. आपल्याकडचा तांबट हंड्याला ज्या संयमाने आकार देतो, तोच संयम येथेही लागे. ज्यांना ही कला साधत नसे, त्यांच्यासाठी १९५० नंतरच्या दशकात काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची, तयार शरीरे बाजारात आली.

या मार्गाने गेलेल्या तरुणांपैकी एक होता कॉलिन चॅपमन. तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभियांत्रिकी शिकत होता आणि फावल्या वेळात जुन्या मोटारींची खरेदीविक्री करीत असे. १९४७ च्या अखेरीस खासगी गाड्यांना मिळणारे पेट्रोल बंद झाले. जुन्या गाड्यांचे भाव कोसळले आणि त्याचा व्यापार बुडाला. एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी गळ्यात राहिली. हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागे एक छोटी गाडीखोली होती. तेथे हेझलच्या मदतीने त्याने ती गाडी खोलली आणि १९४८ साली तिची स्पेशल तयार केली. पुढे हीच हेझल त्याची पत्नी झाली.

चॅपमनला विमानविद्येचीही ओढ होती. गाडीचे नवे शरीर बनविताना त्याने विमानाच्या रचनेचा विचार केला. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर बसविलेल्या प्लायवूडच्या फळ्या घेऊन त्याने शरीराला पेटीचा आकार दिला आणि आत आडवे पडदे घातले. हे कशासाठी, ते काड्यापेटीवरून समजेल. काड्यापेटीचे रिकामे बाहेरचे कवच दोन बोटांत धरून पिळले तर ते सहज चपटे होते. आतला खण सरकवून मग पिळून पाहावे. तोच कागद आता दाद देत नाही. पातळ पत्रेदेखील एकमेकांना योग्य रीतीने जोडून बंदिस्त पेटी केली, की ते मोठा ताण सोसतात. मग जाड आणि जड लोखंडाची गरज उरत नाही. चॅपमनने स्थापन केलेल्या लोटस कंपनीने १९६२ साली अशाच बंदिस्त पेटीच्या तत्त्वावर शर्यतीची मोटार बनविली, आणि १९६३ साली जिम क्लार्क या चालकाने तिच्यातून जगज्जेतेपद मिळविले. टाकाऊ गाडीवर बसविलेल्या प्लायवूडच्या पेटीपासून तेथवर केवळ पंधरा वर्षांचे अंतर होते.

सर्बिटन गावच्या कूपर पितापुत्रांची कथाही अशीच आहे. चार्ल्स कूपर यांचे मोटार दुरुस्तीचे दुकान होते. १९४६ साली त्यांचा मुलगा जॉन याने वडिलांच्या मदतीने शर्यतीची छोटी गाडी बनवावयास घेतली. फियाट कंपनीच्या 'टोपोलिनो' या लहान मोटारीची पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होत, त्यामुळे खडबडीत रस्त्यावरही चाक जमिनीला धरून राही. कूपरांनी अशा दोन गाड्यांचे पुढचे भाग घेतले आणि ते पाठीला पाठ लावून जोडले. म्हणजे पुढे एक 'पुढचा भाग' आणि मागेही एक 'पुढचा भाग' झाला! एंजिन घेतले मोटारसायकलचे. ते साखळीने चाके फिरवीत असल्याने मागच्या चाकांजवळ, चालकाच्या पाठीमागे बसविणे सर्वांत सोयीचे होते. सोयीसाठी केलेल्या या मांडणीचे गुण पुढे हळूहळू लक्षात आले. एंजिन मागे असल्याने गाडी ठेंगणी होते, आणि शक्ती मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे वजन वाचते. १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी जॅक ब्रॅबहॅम हा चालक कूपरांच्या, मागे एंजिन असलेल्या गाडीतून जगज्जेता झाला. त्यानंतर शर्यतीच्या जगात पुढे एंजिन ठेवण्याची रीतच मागे पडली.

याच कूपर गाडीतून १९५९ साली अमेरिकेतील मोठी शर्यत जिंकणारा बावीस वर्षांचा तरुण दूरच्या न्यूझीलंडचा होता. त्याचे नाव ब्रूस मॅक्लारेन. लहानपणी नितंबाच्या हाडाच्या रोगामुळे त्याला दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले होते. त्याच्या वडिलांचा ऑकलंड शहरात पेट्रोलपंप व दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी सुट्या भागांच्या स्वरूपात एक जुनी ऑस्टिन सेव्हन विकत आणली. बापलेकांनी ती जुळविली, आणि १९५२ साली ब्रूसने तीच घेऊन टेकडी चढण्याच्या शर्यतीत भाग घेतला. १९६३ साली त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. ती आजही शर्यतीच्या मोटारी बनविते.

परंतु या कथेचा शेवटही सांगितला पाहिजे. १९७० च्या जून महिन्यात मॅक्लारेन इंग्लंडमध्ये आपल्याच कंपनीच्या एका नव्या गाडीची चाचणी घेत होता. गाडी भरवेगात असताना तिच्या शरीराचा मागील भाग निखळला, ताबा सुटला आणि त्या अपघातात त्याचा अंत झाला. त्याचे वय तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. ज्याने आयुष्यभर मोटारी जुळविल्या त्या निष्णात माणसालाही एका निखळलेल्या भागाने क्षमा केली नाही. वेगापुढे मोठे नाव चालत नाही. तेथे प्रत्येक जोड पक्का असावा लागतो.

घरगुती मोटारीत हा धोका अधिकच असतो. ऑस्टिन सेव्हनचेच उदाहरण घ्यावे. तिला चारही चाकांना ब्रेक होते, पण ते तारांनी ओढले जात. सुरुवातीच्या गाड्यांत पायाने मागचे आणि हाताने पुढचे ब्रेक लावावे लागत. संथ कौटुंबिक गाडीला ते कसेबसे पुरत. तीच गाडी हलकी करून वेगाने पळवू लागल्यावर मात्र ते अपुरे ठरत. म्हणून जाणते कारागीर आधी ब्रेक सुधारीत आणि मग एंजिनाला हात लावीत. धावणे हा मोटारीचा गुण खरा. पण हवे तेव्हा थांबता येणे हा त्याहून मोठा गुण होय.

एकट्याला सर्व गोष्टी कळत नाहीत, आणि स्वतःच्या हातचा दोष स्वतःला दिसत नाही. यासाठी या हौशी लोकांनी मंडळे स्थापन केली. १९३९ साली सुरू झालेला '७५० मोटर क्लब' हा त्यांतला प्रमुख. त्याच्या नावातील आकडा ऑस्टिन सेव्हनच्या एंजिनावरूनच आलेला आहे. कमी खर्चात शर्यती व्हाव्यात म्हणून या मंडळाने नियम घालून दिले. सभासद आपल्या युक्त्या एकमेकांना मोकळेपणाने सांगत. शर्यतीपूर्वी परीक्षक प्रत्येक गाडी तपाशी आणि एखादा बोल्ट जरी ढिला आढळला तरी ती मैदानात उतरू देत नसे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी सरकारनेही पुढे नियम केले. १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी सक्तीची झाली, आणि दुबळ्या ब्रेकांच्या कित्येक जुन्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. १९९८ पासून तेथे घरी बनविलेल्या प्रत्येक गाडीची स्वतंत्र परीक्षा होऊ लागली. ब्रेक, सुकाणू, दिवे यांची कसोटी पार पडल्यावाचून तिची नोंद होत नाही. भारतातही नोंदलेल्या गाडीच्या रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाहीत. कायद्याचा हा काच कोणाला जाचक वाटेल. परंतु रस्ता एकट्या चालकाचा नसतो, त्यावरून मुले शाळेला जातात.

या छंदाची आणखी एक बाजू विसरून चालणार नाही. स्पेशल बनविण्यासाठी त्या काळी असंख्य ऑस्टिन सेव्हन गाड्यांचे मूळ डबे काढून फेकून देण्यात आले. त्या वेळी त्यांना किंमत नव्हती. आज मूळ स्वरूपातील अशा गाड्या जपून ठेवण्यासारख्या मानल्या जातात, आणि चांगली शाबूत गाडी स्पेशलसाठी खोलणे जाणत्यांना रुचत नाही. म्हणून आता विचारी कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो हा : ही गाडी खरोखरच मोडीत निघाली आहे, की दुरुस्तीने तिला पूर्वरूप येईल? दुरुस्त होण्यासारखी वस्तू मोडून दुसरी करणे हा उद्योग खरा, पण शहाणपण नव्हे.

छंद मात्र टिकून आहे. १९५७ साली चॅपमनच्या कंपनीने 'लोटस सेव्हन' ही साधी, उघडी, हलकी गाडी बाजारात आणली. ती सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरी जुळविता येत असे. तसे केल्यास खरेदीकरही वाचे. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली, तरी त्या गाडीचा साचा लोकांच्या मनात राहिला. १९९६ साली रॉन चॅम्पियन या लेखकाचे एक पुस्तक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. फोर्ड कंपनीच्या जुन्या 'एस्कॉर्ट' मोटारीचे भाग घेऊन, पोलादी नळ्यांचा सांगाडा घरी झाळून, अवघ्या २५० पौंडांपासून तशी स्पोर्ट्स मोटार कशी उभी करावी, हे त्याने मापांसह सांगितले. त्या आधारे अनेक देशांतील हौशी लोक आजही आपापल्या छपरांत लोखंड कापीत आणि जोडीत असतात.

अशा गाडीला पुष्कळ वेळ लागतो. खर्चाचा अंदाज बहुधा चुकतो, आणि अर्ध्यावर सोडून दिलेल्या गाड्यांची संख्याही थोडी नसते. तयार गाडी विकत घेणाऱ्याला हे कष्ट पडत नाहीत. पण तिचा ब्रेक कसा लागतो, चाक कशामुळे फिरते आणि कोणता बोल्ट ढिला झाला असता गाडी उलटेल, हे त्याला ठाऊक नसते. जो माणूस मोडीतून एकेक भाग उचलतो, धुतो, मोजतो, वाजवून पाहतो आणि पुन्हा जागेवर बसवितो, त्याला आपल्या गाडीचा कानाकोपरा परिचित असतो. तिच्यात काही बिघडले तर दोष कोणावर टाकावा, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो; आणि ती पहिल्यांदा स्वतःच्या बळावर छपराबाहेर पडते, तेव्हा तिचे श्रेय कोणाचे, हाही प्रश्न उरत नाही.